कामगार संघटना काढणं कधी खरंच गुन्हा होता का?

होता, आणि तोही ब्रिटनसारख्या देशात. १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी पगारवाढीसाठी एकत्र येणाऱ्या कामगाराला थेट तुरुंग दाखवला. कागदावर मालकांच्या एकजुटीलाही बंदी होती, पण ती कोण बजावणार? १८२४ मध्ये हे कायदे गेले, पण पुढच्याच वर्षी नियम पुन्हा थोडे आवळले.

खरी गंमत १८३४ ची. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातल्या टोलपडल गावच्या शेतमजुरांची मजुरी घटत घटत आठवड्याला ७ शिलिंगांवर आली होती, आता ६ होणार अशी धमकी. त्यांनी संघटना काढली. नवा सभासद डोळ्यांवर पट्टी बांधून आत यायचा, पट्टी सुटली की समोर हाडांच्या सापळ्याचं चित्र, आणि गुप्ततेची शपथ. संघटना तेव्हा बेकायदा नव्हतीच. मग सरकारने नाविकांच्या बंडानंतर केलेला १७९७ चा शपथविरोधी कायदा उकरून काढला आणि सहा जणांना सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियात हद्दपार केलं. जॉर्ज लव्हलेस हा त्यांचा म्होरक्या, गावात धर्मोपदेश करणारा साधा माणूस. लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, अर्जावर लाखो सह्या पडल्या, आणि १८३६ मध्ये माफी मिळाली. परत यायला मात्र काहींना आणखी वर्षं लागली.

संघटनांना पूर्ण कायदेशीर मान्यता मिळाली १८७१ मध्ये. त्याच वर्षी दुसऱ्या कायद्याने संपाच्या वेळी कारखान्याच्या दारात पहारा देणं गुन्हा ठरवलं, म्हणजे संघटना काढा पण संप चालवू नका! तो १८७५ मध्ये रद्द झाला.