‘विचारलं तर गावाला गेलाय म्हण’

मुलाला शाळेतून काढून घरी शिकवणारे पालक भेटतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न अभ्यासाचा क्वचितच असतो. “सरकारी माणूस दारात आला तर काय सांगायचं ओ मॅडम? पोलीस येतील का?” हाच असतो.

कोल्हापुरातली अशीच एक आई आली होती. मुलगा दहा वर्षांचा. वर्गातल्या चिडवण्यानं रोज सकाळी त्याच्या पोटात दुखायचं, डबा तसाच परत यायचा. चौथी संपल्यावर आई-वडिलांनी दाखला काढला आणि घरीच शिकवायला लागले. पोटदुखी थांबली, पोरगं वाचायला लागलं. मग शाळाबाह्य मुलांच्या शोधासाठी गुरुजी घरी आले. आई घाबरली आणि “गावाला गेलाय” म्हणाली. मुलगा आतल्या खोलीतच होता. त्या दिवसापासून बेल वाजली की तो आत जाऊन कडी लावायचा. शाळेच्या वेळेत गच्चीवरही जायचा नाही. मला त्यानं विचारलं, “मला धरून नेतील?”

आईला दंडाची भीती होती. मला त्या कडीची जास्त काळजी वाटली.

कायद्याचं आधी सांगते. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे कलम 10 नुसार पालकांचं कर्तव्य आहे. पण ते पाळलं नाही म्हणून पालकांना दंड किंवा तुरुंग या कायद्यात कुठेही नाही. 2012 च्या दुरुस्तीनं बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला. बाकीच्यांच्या गृहशिक्षणाबद्दल कायदा काहीच बोलत नाही, आणि सगळी भीती या न बोलण्यातूनच येते.

वडील चिडले होते. “पोरगं माझं, सरकारचा काय संबंध?” मी त्यांना शाहू महाराजांची आठवण दिली. 1917 मध्ये याच करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्याला महिना एक रुपया दंड ठेवला गेला. त्यामागं मुलाचीच काळजी होती. आजही मला ती चौकशी हवीशी वाटते. ‘घरीच शिकते’ म्हणून सांगितलेली मुलगी प्रत्यक्षात धाकट्या भावंडांना सांभाळत असते, हे मी पाहिलंय. मुलाला कमी ऐकू येतंय, अंगावर वळ आहेत, हे बहुतेक वेळा घराबाहेरच्या माणसालाच आधी दिसतं. ज्या मुलाची कुठंच नोंद नाही, त्याच्याकडे बघणारं कुणी उरत नाही.

म्हणून मी त्यांना लपवणं थांबवायला सांगितलं. आईनं मुलाला समोर बसवून “मी त्या दिवशी खोटं बोलले, चूक माझी होती, तुझी नाही” असं स्पष्ट सांगितलं. हे करायला तिला फार जड गेलं. मग दाखला, वह्या आणि डॉक्टरांचे कागद घेऊन दोघं महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीत गेले (तालुक्यातल्यांनी पंचायत समितीच्या शिक्षण विभागात जावं) आणि लेखी अर्ज देऊन पोच घेतली. तिथं त्यांना शाळेत घालायचा आग्रह झालाच. तो होणार, तयारी ठेवा.

नंतर तेच गुरुजी पुन्हा आले. मुलानं त्यांना वह्या दाखवल्या. वाचन वयापेक्षा पुढं होतं, अपूर्णांक मात्र पार कच्चे, आणि हे घरात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. परत यायचं झालं तर कलम 4 नुसार वयानुरूप वर्ग आणि मागं पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण मिळतं, हेही त्यांनीच समजावलं. घरीच राहिला तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची (NIOS, शाळेत न जाणाऱ्यांचीही परीक्षा घेणारं सरकारी मंडळ) तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीची परीक्षा आहे, वयाची 14 वर्षं झाल्यावर दहावीही देता येते.

वडिलांचा राग अजून पुरता गेलेला नाही. मुलगा जवळच्या एका छोट्या शाळेत चार दिवस नुसता बसून बघणार आहे. जूनमध्ये नाव घालायचं की नाही, ते त्यानंतर तिघं मिळून ठरवतील.