बारशाला जा, शिक्क्यासाठी जाऊ नका

प्रश्न: मी मूळचा चिंचवडचा. २०१९ मध्ये एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत मिशिगनला एमएस करायला आलो, आता डेट्रॉइटजवळ मोटारींच्या कंपनीत नोकरी करतो. ऑक्टोबर २०२३ पासून एच-१बी या नोकरीच्या व्हिसा-दर्जावर आहे. ती मंजुरी इथेच मिळाली, भारतात जावं लागलं नाही. माझ्या आय-९४ ची (अमेरिकेतल्या मुक्कामाच्या नोंदीची) मुदत सप्टेंबर २०२६ अखेरपर्यंत आहे. पासपोर्टवरचा एफ-१ चा शिक्का मात्र २०२४ मध्येच संपला. येत्या एप्रिलमध्ये टोरोंटोजवळ मिसिसागाला मेव्हण्याच्या मुलीचं बारसं आहे. ऑफिसमधले सीनियर सांगतात की पूर्वी ते कॅनडात जाऊन दोन-तीन दिवसांत स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर नव्या व्हिसाचा शिक्का, करून यायचे. मग बारसं आणि स्टॅम्पिंग एकाच फेरीत उरकावं का? बायको अर्थातच बरोबर असेल, ती बाळाची आत्या आहे. तिची ओपीटी (शिक्षणानंतर एफ-१ वरच काम करण्याची मुभा) संपली तेव्हा आम्ही एच-४ साठी, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या दर्जासाठी, अर्ज केला, त्याचा निकाल अजून यायचा आहे.

उत्तर: तुम्ही जाऊ शकता, पण स्टॅम्पिंग करून नव्हे. आणि तुमच्या पत्नीनं आत्ता अजिबात जाऊ नये. हे तुम्हाला उलटंच वाटेल, कारण आपल्याकडे प्रत्येकाच्या डोक्यात शिक्का म्हणजे सर्वस्व असं बसलेलं आहे.

व्हिसाचा शिक्का हा फक्त अमेरिकेच्या दारात येऊन उभं राहण्याचा परवाना. आत आल्यावर किती दिवस आणि कोणत्या नात्यानं राहायचं, हे आय-९४ ठरवतं. तुमचं आय-९४ तुमच्या आय-७९७ मंजुरीपत्राच्या तळाशी छापलेलं आहे, आणि ते एच-१बी चं आहे. म्हणून शिक्का संपून दोन वर्षं झाली तरी तुमचं इथलं राहणं पूर्ण कायदेशीर आहे. प्रश्न फक्त बाहेर पाऊल टाकल्यावर येतो.

त्या प्रश्नाला कायद्यात एक जुनी, फारशी कुणाला ठाऊक नसलेली सोय आहे. तिला ऑटोमॅटिक व्हिसा रिव्हॅलिडेशन म्हणतात. फेडरल नियमावलीच्या बाविसाव्या भागात ४१.११२ (डी) या क्रमांकाखाली ती सापडते. कॅनडा किंवा मेक्सिको, एवढ्या दोनच देशांत, ३० दिवसांपर्यंत जाऊन आलात आणि आय-९४ ची मुदत शिल्लक असेल, तर तुमचा संपलेला शिक्का परतीच्या क्षणी जिवंत मानला जातो. शिवाय तो एफ-१ चा असला तरी तुमच्या आजच्या दर्जाचा, म्हणजे एच-१बी चा मानला जातो. थोडक्यात, गाडी काढा, पुलावरून नदीपलीकडे कॅनडातल्या विंडसरला उतरा, ४०१ हायवेनं मिसिसागा गाठा, आठवड्याभरात परत या. नवा व्हिसा लागत नाही.

आता या सोयीतली खरी मेख. बाहेर असताना तुम्ही नव्या अमेरिकन व्हिसासाठी अर्ज केलात, की ही सोय त्या क्षणी संपते. पूर्वी तसं नव्हतं. लोक टोरोंटोत अर्ज करत, नकार आला तरी जुन्या आय-९४ वर परत येत. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर, एप्रिल २००२ पासून, हे दार बंद झालं. अर्ज नाकारला गेला असो, चौकशीत अडकला असो किंवा नुसता पडून असो, व्हिसा हातात आल्याशिवाय परतीचा रस्ता नाही. ज्या फेरीत दोन्ही कामं उरकायचा तुमचा बेत आहे, तीच फेरी तुम्हाला कॅनडात अडकवू शकते. तुमच्या सीनियरांना नशिबानं दोन-तीन दिवसांत शिक्के मिळाले. अडकलेल्यांच्या गोष्टी कॅन्टीनमध्ये कुणी सांगत नाही.

आणि आता तर हा जुगार खेळण्याचीही सोय जवळपास राहिलेली नाही. ६ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं जाहीर केलं की बिगर-स्थलांतरित व्हिसाच्या अर्जदारांनी आपल्या नागरिकत्वाच्या किंवा राहत्या देशातच मुलाखत द्यावी. तुमचा राहता देश अमेरिका, आणि अमेरिकेत एच-१बी चा शिक्का मिळत नाही. (जुलै २००४ पर्यंत मिळायचा, टपालानं. २०२४ च्या सुरुवातीला २० हजार अर्जांपुरता प्रयोगही झाला, तो तिथेच थांबला.) म्हणजे उरला भारत. टोरोंटोत अर्ज भरलात तर २०५ डॉलरची फी परत मिळणार नाही, आणि वर रिव्हॅलिडेशनही गमवाल.

मित्रांनी ‘फ्लॅगपोलिंग’ हा शब्द सांगितला असेल तर तो इथे विसरा. ती कॅनडात राहणाऱ्यांची युक्ती होती: अमेरिकेच्या सीमेला शिवून मागे वळायचं आणि कॅनडाचा वर्क परमिट नाक्यावरच घ्यायचा. डिसेंबर २०२४ मध्ये कॅनडानं तीही बंद केली.

तुमच्या तयारीकडे येतो. कॅनडात शिरण्यासाठी भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो. अमेरिकेतलं एच-१बी त्याला पर्याय नाही. बोटांचे ठसे आणि पासपोर्ट पाठवणं यात वेळ जातो, त्यामुळे बारशाची तारीख ठरली असेल तर हा अर्ज आजच करा. (कुणी मेक्सिकोचा पर्याय सुचवला तर लक्षात ठेवा: अमेरिकेचा व्हिसा असलेल्या भारतीयांना मेक्सिकोत वेगळा व्हिसा लागत नाही, पण तो व्हिसा चालू असावा लागतो. तुमचा संपलेला आहे.) जवळ मूळ आय-७९७, नोकरीचं पत्र, अलीकडच्या तीन पगार-पावत्या आणि रिव्हॅलिडेशनच्या नियमाची छापील प्रत ठेवा. शिक्का जुन्या पासपोर्टात असेल तर दोन्ही पासपोर्ट घ्या. आय-९४ चा कागद कुणाच्या हाती सोपवून येऊ नका. विमानापेक्षा गाडीनं जाणं मला बरं वाटतं. विमान कंपनीच्या काउंटरवरच्या माणसाला संपलेला शिक्का दिसतो, नियम दिसत नाही, आणि तिथे वाद घालायला वेळ नसतो.

एक अवघड प्रश्न विचारतो, रागावू नका. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल किंवा अन्य कशासाठी तुम्हाला इथे कधी अटक झाली होती का? अशा अटकेनंतर वकिलातीनं व्हिसा रद्द केल्याचा ईमेल अनेकांना येतो. शिक्का संपणं आणि शिक्का रद्द होणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे; रद्द झालेल्या शिक्क्याला रिव्हॅलिडेशन लागू होत नाही. तसा ईमेल आला असेल तर बारशाचा बेत सोडा आणि आधी वकिलाला भेटा.

दुसरी गोष्ट तारखांची. तुमच्या एच-१बी ची मुदतवाढ सप्टेंबरआधी सहा महिने, म्हणजे मार्चअखेरपासून भरता येते. कंपनीच्या वकिलाला आजच सांगा की एप्रिलमध्ये तुम्ही सीमेपलीकडे जाणार आहात. बारशाहून आल्यावर अर्ज करा, किंवा मंजुरी हातात आल्यावर जा. अर्ज अधांतरी असताना देश सोडणं मी टाळायला सांगेन. त्या अर्जातला इथला मुक्काम वाढवण्याचा भाग नाकारला गेला, तर सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेनं नव्या एच-१बी अर्जांवर लावलेल्या एक लाख डॉलरचा प्रश्न उभा राहू शकतो. तुमची २०२३ ची मंजुरी मात्र त्या घोषणेच्या आधीची आहे, तिला ही रक्कम लागू नाही. त्या मंजुरीवर भारतात शिक्का मागितलात तरी नाही.

भारतात शिक्क्यासाठी मात्र आठ दिवसांची रजा काढून जाऊ नका. डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यमांचीही तपासणी सुरू झाली. त्या वेळी भारतातल्या कित्येकांच्या ठरलेल्या मुलाखती काही महिन्यांनी पुढे गेल्या आणि माणसं माहेरी-सासरी अडकून बसली. जायचंच असेल तेव्हा कंपनीकडून लांबलेल्या मुक्कामाची लेखी तयारी करून घ्या.

आता तुमच्या पत्नीबद्दल. तिचा अर्ज दर्जा बदलण्याचा आहे, आय-५३९ या फॉर्मवरचा. तो निकालात निघायच्या आत तिनं देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. भारतात जाणं आणि नदीपलीकडे दोन तास जाणं यात कायदा फरक करत नाही. रिव्हॅलिडेशनही तिच्या कामाचं नाही: तिचा एच-४ अजून झालेला नाही, आणि ओपीटी संपल्यावर एफ-१ च्या नात्यानं परत येण्याजोगं तिच्याजवळ काही उरलेलं नाही. तुम्ही संध्याकाळी डेट्रॉइटला पोचाल, ती विंडसरमध्ये उभी राहील, आणि तिथून तिला एच-४ साठी थेट मुंबईच्या बीकेसीतल्या वकिलातीची वाट धरावी लागेल. गाडीत नुसती बसून आली तर चालेल का, असं विचाराल म्हणून आधीच सांगतो: नाही. किंबहुना निकाल येईपर्यंत डाउनटाउनमध्ये गाडी चालवताना कॅनडाकडे जाणाऱ्या अँबॅसेडर पुलाच्या फाट्यावर लक्ष ठेवा. तिथे चुकून पुलाला लागलेल्या माणसांना विनाकारण चौकशीला तोंड द्यावं लागलं आहे.

आत्याशिवाय बारसं म्हणजे काय, हे मला कळतं. तुमच्या प्रश्नावर विचार करताना माझ्या डोक्यात एक उलटा रस्ता आला. तुमचे मेव्हणे आणि त्यांच्या पत्नी कॅनडाचे नागरिक असतील, तर भेटीसाठी अमेरिकेत यायला त्यांना व्हिसा लागत नाही. बाळ कॅनडात जन्मलं असेल तर तेही नागरिक आहे, आणि १६ वर्षांखालच्या कॅनेडियन मुलांना रस्त्यानं येताना जन्मदाखलाही पुरतो. पाळणा तुमच्या घरी बांधता येतो का, हे मेव्हण्यांना विचारून बघा. ते नागरिक नसतील तर त्यांच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे का, ते आधी पाहावं लागेल. नसेल तर नाव ठेवायचा मान फोनवरून घ्यायची तयारी करा, आणि तुम्ही एकटेच कुंची घेऊन जा.