सुट्टीतच पॅथोफिजिऑलॉजी वाचायला घेताना

पॅथोफिजिऑलॉजी म्हणजे आजारात शरीराचं काम कुठे, कसं बिघडतं त्याचा अभ्यास. नर्सिंगसाठी तो करताना आजारांच्या याद्या पाठ करत बसू नकोस. आधी फिजिऑलॉजीतले (निरोगी शरीर कसं चालतं त्यातले) चारच विषय पक्के कर: पेशीतून पाणी-क्षारांची ये-जा, आम्ल-अल्कली समतोल, रक्तदाबाचं नियंत्रण आणि रक्त गोठणं. हे कच्चं राहिलं की पुढे नुसती घोकंपट्टी.

मग दिवसाला एक आजार, एका पानावर, बाणांनी: कारण, बिघाड, लक्षण, तपासणी, नर्सचं काम. प्रत्येक बाणाला ‘का?’ विचारायचं.

सांगली-मिरजेकडे शिकणार असशील तर घोणसदंशापासून सुरुवात कर. उसाचा पट्टा आहे हा. घोणसीचं विष फॅक्टर ५ आणि १० ला (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना) चेतवतं, त्यात फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळी बांधणारं प्रथिन, वापरलं जाऊन संपतं आणि हिरड्यांतून, लघवीतून रक्त यायला लागतं. इथेच २० मिनिटांची चाचणी उलगडते. शिरेतलं २ मिली ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या ट्यूबमध्ये घ्यायचं, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग एकदाच तिरकं करून बघायचं. वाहिलं, तर गोठण बिघडलीय. ट्यूब प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर चांगलं रक्तही न गोठता फसवतं, कारण फॅक्टर १२ ला चालना काचेचा पृष्ठभागच देतो. अशा पेशंटला स्नायूत इंजेक्शन का टाळतात, तेही याच पानावर लिही.

हार्ट फेल्युअर, डीकेए (मधुमेहात इन्सुलिन कमी पडून रक्त आम्लधर्मी होणं) नंतर. डीकेएत पोटॅशियम रिपोर्टला नॉर्मल किंवा जास्त दिसतं आणि इन्सुलिन सुरू झालं की झपकन उतरतं. हा बाण हमखास सुटतो.

औषधांची नावं आत्ता नकोत. प्रत्येक पानाची उजवी बाजू फार्माकॉलॉजीसाठी कोरी सोड.