'निसर्गाची भूमिका' म्हणावं की नाही?

प्रश्न असा आहे की निबंधाला 'समाज आणि साहित्यात व्यक्ती, विचार आणि निसर्ग यांची भूमिका' असा विषय दिलाय आणि विचारणाऱ्यांना दोन ठिकाणी अडलंय. एक, भूमिका नटाची असते ना, मग पाऊस नाहीतर डोंगर कसली भूमिका करणार? आणि दोन, भूमिका म्हणजे मत पण होतं, मग 'विचारांची भूमिका' म्हणजे नक्की काय?

दोन्ही शंका रास्त आहेत. हा शब्द आपण इतका सरसकट वापरतो की त्याच्याकडे कोणी थांबून बघतच नाही.

आधी नटाचं बघू. भूमीवरून भूमिका, म्हणजे मुळात जागा, पायरी. योगवासिष्ठात ज्ञानाच्या सात भूमिका सांगितल्यात तिथे हाच पायरीचा अर्थ आहे. पण नटाने घेतलेलं सोंग हा अर्थही जुनाच, संस्कृत नाटकातला. कालिदासाच्या 'विक्रमोर्वशीय'मध्ये तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला भरतमुनींचे दोन शिष्य बोलत असतात, स्वर्गात झालेल्या नाटकाबद्दल, तिथे उर्वशी लक्ष्मीच्या भूमिकेत आणि मेनका वारुणीच्या भूमिकेत होती असं ते सांगतात आणि शब्द 'भूमिका' हाच आहे. मेनका विचारते तुझं मन कुणावर, उर्वशीने म्हणायचं असतं पुरुषोत्तमावर, म्हणजे विष्णूवर, आणि तोंडून निघून जातं पुरूरव्यावर, म्हणजे ज्या राजावर तिचं खरंच मन आहे त्याच्यावर, आणि भरतमुनी शाप देतात. मला हा प्रसंग फार आवडतो कारण भूमिका म्हणजे काय ते त्यात एका झटक्यात कळतं, आपण जे नाही ते काही वेळ व्हायचं, आणि आतलं माणूस मध्येच बाहेर आलं की भूमिका मोडली.

मराठी रंगभूमीवर मात्र बोलताना भूमिका हा शब्द तेवढा नव्हता, तिथे 'काम' म्हणायचे. 'एकच प्याला'त बालगंधर्वांचं सिंधूचं काम, बोडसांचं सुधाकराचं काम. गावाकडे 'पार्ट', आणि दशावतारात, मुखवटे घालून नाचायच्या बोहाड्यात 'सोंग'. म्हणजे करणारा माणूस आणि त्याने अंगावर घेतलेलं दुसरं रूप, या दोन गोष्टी हव्यातच.

आता 'महत्त्वाची भूमिका बजावली' हे वाक्य घ्या. हे सरळ इंग्रजीवरून आलंय आणि पेपरातून घरोघरी पोचलंय. 'बजावणे' कुठे कुठे वापरतो आपण? हुकूम बजावणे, नोटीस बजावणे, कर्तव्य बजावणे, मतदानाचा हक्क बजावणे. सगळीकडे करणारा जाणूनबुजून करतो, त्याच्यावर काहीतरी जबाबदारी असते. म्हणून 'भात चांगलं येण्यात पावसाने महत्त्वाची भूमिका बजावली' हे वाचलं की कानाला खटकतं, व्याकरण चुकलंय म्हणून नाही तर पावसाला कुणी ड्यूटी लावल्यासारखं वाटतं म्हणून. शेतकरी असं कधीच बोलत नाही. तो म्हणतो पावसाने ओढ दिली, पावसाने दगा दिला, पाठ फिरवली, डोळे वटारले, आणि चांगला झाला तर म्हणतो यंदा पावसाने हात दिला. बघा, पावसाला माणूस करायला मराठीला अजिबात अडचण नाही, उलट तो इतका माणूस आहे की रुसतो आणि फसवतो पण, फक्त 'भूमिका' नावाचा कोरडा शब्द मध्ये लागत नाही.

माझा खरा आक्षेप याच्या पुढचा आहे. एक उदाहरण घेतो ज्यात तुमच्या विषयातल्या तिन्ही गोष्टी एकत्र आहेत, १९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमी योजना. निबंधात लोक लिहितात, 'रोजगार हमी योजनेच्या निर्मितीत दुष्काळ, वि. स. पागे आणि कामाच्या हक्काचा विचार यांची महत्त्वाची भूमिका होती.' वाक्य चुकीचं नाही, पण यातून काय कळलं? काहीच नाही. कारण तिघांनी केलेली गोष्ट वेगवेगळी आहे. दुष्काळाने भाग पाडलं, विहिरी आटल्या, माणसं खडी फोडायला, रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर गेली, सुकडी (मदत म्हणून वाटलेलं पौष्टिक पीठ) आणि लाल मिलो (परदेशातून आणलेली ज्वारी) खाऊन दिवस काढले, आणि सरकारला काम देण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. पागे विधान परिषदेचे सभापती, त्यांनी योजना मांडली आणि लावून धरली. आणि 'मागेल त्याला काम' हा विचार, त्याने काय केलं? त्याने दुष्काळी कामाचं स्वरूपच बदललं, जी मदत होती तो हक्क झाला, म्हणून तर दुष्काळ सरल्यावर योजना गुंडाळली गेली नाही, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, १९७९ पासून तो लागू झाला आणि २००५ साली देशभराच्या कायद्याला हाच अनुभव हाताशी होता. आता भाग पाडणं, लावून धरणं आणि स्वरूप बदलणं या तिन्हीला 'भूमिका बजावली' म्हटलं की तिघंही एकाच मापाचे होतात, आणि निबंधात नेमकं जे लिहायला हवं होतं तेच गायब होतं.

मग दुसरं काय म्हणायचं? वाटा म्हणा, हातभार म्हणा, कामगिरी म्हणा (ही फक्त माणसांची), किंवा सरळ 'यामुळे' म्हणून पुढे चला. एक सांभाळा, 'हातभार लावला' चांगल्या अर्थी पण 'यात त्याचा हात आहे' म्हटलं की पोलिसी संशय येतो.

साहित्यात मात्र निसर्गाला भूमिका असू शकते, आणि अगदी नाटकातल्या अर्थाने. बालकवींच्या 'फुलराणी'त लग्न लागतं तेव्हा वारा सनई वाजवतो, कोकिळ ताना घेतो, झरे पखवाज वाजवतात आणि सोनेरी किरण नवरदेव होतो. तिथे प्रत्येकाला काम वाटून दिलेलं आहे, त्यामुळे तिथे भूमिका म्हणा, पात्र म्हणा, बिनधास्त म्हणा. पण माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' कादंबरीतला दुष्काळ कसलं सोंग घेत नाही, तो दुष्काळच असतो आणि वाडी ओस पाडतो. आणि तुकोबा 'वृक्षवल्ली आम्हां सोयरी' म्हणतात तेव्हा झाडांना भूमिका नाही, नातं आहे. या तिघांना एकाच शीर्षकाखाली 'निसर्गाची भूमिका' म्हणून कोंबलं की तिन्ही लेखकांवर अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं.

आता दुसरी शंका, मत या अर्थाची. 'पक्षाने भूमिका स्पष्ट केली', 'सावध भूमिका घेतली' हे रोज ऐकतो. मला वाटतं हा अर्थ पुन्हा जागेकडे जातो, माणूस कुठे उभा राहून बोलतोय ते. घोटाळा खरा होतो तो माणसांच्या बाबतीत. 'संमतिवयाच्या कायद्यात टिळकांची भूमिका' असा प्रश्न आला तर काय लिहायचं? १८९१ च्या त्या कायद्याने मुलींचं संमतिवय दहावरून बारावर नेलं, टिळकांचा विरोध होता, परक्या सरकारने कायदा करून यात पडू नये म्हणून, आणि आगरकर 'सुधारक'मधून बाजूने होते. हे झालं मत. पण त्यांनी त्या वादात काय काय केलं हे विचारायचं असेल तर प्रश्न तोच आणि उत्तर वेगळं. म्हणून मत असेल तर 'भूमिका घेतली' किंवा 'मांडली', कृती असेल तर कृतीच सांगा. गंमत म्हणजे 'बघ्याची भूमिका घेतली' यात दोन्ही अर्थ एकत्र आलेत, सोंगही आहे आणि पवित्राही, आणि म्हणूनच तो वाक्प्रचार इतका टोचतो.

'विचारांची भूमिका' मी तरी टाळेन. विचार रुजतो, पसरतो, मागे पडतो, माणसं पेटवतो, एवढी क्रियापदं असताना त्याला भूमिका कशाला द्यायची. आणि 'भूमिका निभावली' हे हिंदीचं, मराठीत 'केली', 'वठवली', 'साकारली' आहेच की. त्यातही 'वठवली' म्हणजे चांगली जमली असा अर्थ आहे, त्यामुळे नट पडला असेल तर ते वापरू नका. शीर्षक दिलेलंच आहे तर ते तसंच राहू द्या, पण आतल्या परिच्छेदात 'भूमिका' आली की दर वेळी स्वतःला विचारा, याने नक्की केलं काय, आणि ते क्रियापद लिहा.