दुखापतीने खेळ सुटलेल्यांनी अ‍ॅथलेटिक ट्रेनर व्हावे का?

‘खेळता येत नाही आणि मैदानापासून दूरही राहवत नाही, अशा वेळी अ‍ॅथलेटिक ट्रेनर व्हावे, की ती केवळ मनाची समजूत ठरेल?’ हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी येणारी व्यक्ती बहुधा स्वतःच दुखापतीमुळे बाहेर पडलेली असते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलून त्यांपैकी एकीची हकिकत सांगते.

ती 22 वर्षांची फुटबॉलपटू होती. गुडघ्याच्या लिगामेंटवर शस्त्रक्रिया झाल्यावर सहाव्या महिन्यातच ती सामन्यात उतरली आणि थोड्याच दिवसांत तोच गुडघा पुन्हा गेला. सोबत आलेल्या वडिलांचे म्हणणे असे, की खेळाडूंमागे पाण्याच्या बाटल्या आणि पट्ट्या घेऊन धावायला पदवी कशाला हवी? मलाही प्रारंभी हे खेळ सुटल्याच्या दुःखातून आलेले खूळ वाटले आणि ‘सहा महिने थांब, मग ठरवू’ असे सांगून मी तिची बोळवण केली. पुढच्या भेटीत तिने एक वही समोर ठेवली. रोज गुडघा किती अंशांत वाकला, सूज कधी वाढली, कोणत्या व्यायामानंतर दुखले, हे सारे तिने वर्षभर तारखांसह टिपले होते. माझा अंदाज चुकला होता, हे त्या वहीने मला दाखवून दिले.

वडिलांचा गैरसमज मुख्यतः नावामुळे झाला होता. व्यायामशाळेतला ट्रेनर निरोगी माणसाकडून व्यायाम करून घेतो. अ‍ॅथलेटिक ट्रेनर मात्र दुखापत टाळणे, ती ओळखणे, मैदानावरचे तातडीचे उपचार आणि खेळात परतेपर्यंतचे पुनर्वसन हे सर्व सांभाळतो. ज्या अमेरिकेत हा व्यवसाय या नावाने रुजला, तेथे त्याची राष्ट्रीय संघटना 1950 मध्ये स्थापन झाली, 1990 मध्ये तेथील वैद्यकीय संघटनेने त्याला आरोग्यसेवेतील व्यवसाय म्हणून मान्यता दिली, आणि आज त्यात नव्याने येणाऱ्यास पदव्युत्तर पदवी व प्रमाणन परीक्षा आवश्यक असते. इतरत्र हेच काम बहुधा क्रीडा फिजिओथेरपिस्ट, क्रीडावैद्य आणि स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच (खेळाडूंची ताकद व तंदुरुस्ती घडवणारे प्रशिक्षक) यांच्यात वाटलेले असते. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी, जेथे काम करायचे आहे तेथे कोणत्या पदवीने आणि कोणत्या नोंदणीने उपचार करण्याचा अधिकार मिळतो, हे लेखी स्वरूपात पाहून घ्यावे, असे मी दोघांना सांगितले. नोकऱ्या केवळ संघांतच असतात असेही नाही. शाळा, महाविद्यालये, दवाखाने, सैन्यदले, नृत्यसंस्था, एवढेच काय, अंगमेहनतीचे कारखानेही अशी माणसे नेमतात. संध्याकाळ आणि सुटीचे दिवस मात्र बहुधा मैदानावर जातात, आणि शिक्षणाच्या मानाने वेतन कमी असल्याची तक्रार या व्यवसायात नेहमीच ऐकू येते.

एवढी माहिती कोणीही देऊ शकला असता. खरा पेच पुढे आला. काम करणाऱ्या एका ट्रेनरसोबत तीन आठवडे नुसते बसून पाहा, असे मी तिला सुचवले होते. परत आली तेव्हा ती अस्वस्थ होती. एका सामन्यात एका खेळाडूच्या डोक्याला मार लागला, तो ‘मी ठीक आहे’ म्हणत राहिला, संघ एका गोलने मागे होता, तरीही ट्रेनरने त्याला पुन्हा उतरू दिले नाही. मेंदूला धक्का बसल्याची शंका असेल तर त्या दिवशी खेळ बंद, हा नियम आहे आणि तिला तो पाठही होता. ‘पण मॅडम, मी मनातून त्या खेळाडूच्याच बाजूने होते,’ ती म्हणाली.

तुझा गुडघा बरा होत असताना सहाव्या महिन्यात तुला कोणी थांबवले नव्हते का, असे मी विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली. थांबवले होते. अशा शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत परतल्यास पुन्हा दुखापत होण्याचा धोका वाढतो, हे तिच्या फिजिओने स्पष्ट सांगितले होते. तिने वेदना लपवून प्रशिक्षकाची परवानगी मिळवली होती. पुढच्या दोन भेटी आम्ही यावरच घालवल्या. खेळाडू कसे खोटे बोलतात हे तिला स्वानुभवाने कळत होते आणि पुढे या कामात ते उपयोगी पडणारच होते. परंतु त्यांना अडवण्याचा वाईटपणा आपण घेऊ शकू का, याचे उत्तर तिला तोवर मिळाले नव्हते. मीही ते तिच्या वतीने दिले नाही.

चार महिन्यांनी तिने प्रवेश घेतला. दुसऱ्या वर्षी, प्रत्यक्ष कामाच्या सत्रातून तिचा मेल आला. शस्त्रक्रियेला जेमतेम पाच महिने झालेल्या एका मुलीला अंतिम सामन्यात उतरवू नये, असा अहवाल तिने मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली दिला होता आणि तो मान्य झाला होता. ती मुलगी अजून तिच्याशी बोलत नाही, मात्र व्यायामाला रोज वेळेवर येते, असे तिने शेवटी लिहिले होते.