शंका-समाधान : दिवे लागले, गणित कुठे आहे?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते. शाळेला देणगीत सहा मायक्रोबिट मिळाले, म्हणजे प्रोग्राम करता येणाऱ्या, छोट्या दिव्यांचा पडदा असलेल्या तळहाताएवढ्या संगणक-पाट्या. हृदयाचं चित्र चमकवून झालं, स्वतःची नावं सरकवून झाली. मुलं खूश आहेत, पण यात गणित कुठे आहे? सहकारी म्हणतात, तास वाया जातोय.
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, हृदयापुरतं तुमच्या सहकाऱ्यांचं बरोबर आहे. चित्र चमकवण्यात गणित नाही. गणिताच्या तासाला हे यंत्र बाहेर काढायचं तर आधी मुलांकडून अंदाज वहीत लिहून घ्या आणि मगच बटण दाबू द्या. माझा हा एकच हट्ट आहे.

फाशांपासून सुरुवात करा. मायक्रोबिट हलवला की १ ते ६ मधल्या दोन यादृच्छिक संख्या निवडून त्यांची बेरीज दाखवायची, एवढाच प्रोग्राम. प्रत्येक मुलाने २ ते १२ मधली एक संख्या पैजेला लावायची. बहुतेक जण वाढदिवसाची तारीख नाहीतर १२ निवडतील, निवडू द्या. सहा गटांनी प्रत्येकी ३६ वेळा हलवायचं आणि फळ्यावर रेघा मारायच्या. सगळे मिळून २१६. त्यात ७ साधारण ३६ वेळा यायला हवा, १२ मात्र सहाच्या आसपास. एखाद्या गटाला १२ एकदाही मिळणार नाही, तो कुरकुरेल. कुरकुरू द्या, सगळ्यांच्या रेघा एकत्र केल्या की डोंगर दिसू लागतो.

आता खरी गंमत. कोणीतरी शहाणं मूल म्हणेल, दोन संख्या कशाला, थेट २ ते १२ मधली एकच निवडू! तसा प्रोग्राम करून पुन्हा २१६ वेळा हलवा. डोंगर सपाट होतो, प्रत्येक संख्या १९-२० च्या आगेमागे. का, ते सांगू नका. ७ किती जोड्यांनी बनतो आणि १२ किती, हे त्यांनाच वहीत मांडू द्या. इथे यंत्र बाजूला ठेवायचं. साध्या फाशांनीही हे जमतं, पण फाशाचा नियम असा बदलता येत नाही.

अपूर्णांकांसाठी पडद्यावरचे २५ दिवेच पुरेत. ‘निम्मे दिवे लावा’ म्हणा आणि भांडण ऐका. एक पंचमांश लागतो, एक चतुर्थांश लागत नाही. निर्देशकांना, म्हणजे दिव्याची जागा सांगणाऱ्या अंकांच्या जोड्यांना, मात्र जपून हात घाला : इथे मोजणी डावीकडे वरच्या कोपऱ्यातून शून्यापासून होते आणि खाली जाताना अंक वाढतात. पुढे आलेखात मुलं वर जाताना वाढणारे अंक शिकतील, तेव्हा गोंधळ नको. पाचवीत मी हे टाळेन.

वयाची काळजी करू नका. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये ही पाटी अकरा-बारा वर्षांच्या मुलांना मोफत वाटली होती. तुमची मुलं त्याच्या आसपासचीच आहेत.

लॅपटॉप एकच असेल तर प्रोग्राम आदल्या दिवशी सहाही पाट्यांवर चढवून ठेवा; रिमोटचे दोन बारीक सेल जोडले की लॅपटॉप लागत नाही. नियम बदलायच्या वेळी मात्र मुलांनाच लॅपटॉपपाशी बोलवा, तेवढं तुम्ही करू नका.