तबकडीवरचं शहर : वाचकांचे प्रश्न

शहरांची चित्रं असलेल्या, हाती घडवलेल्या तबकड्यांबद्दल बरीच पत्रं आली. त्यांपैकी सहा पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. तबकडी आणि डायल हे दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरले आहेत.

ठाण्याहून एक वाचक : मॅनहॅटनच्या इमारतींची रांग दाखवणाऱ्या एका घड्याळाचा फोटो पाहिला. वर्णनात 'क्लॉइझोने एनॅमल, हातकाम' असं होतं. यात हातानं नक्की काय करतात? आणि तसंच दिसणारं छापील डायल ओळखायचं कसं?

तुम्ही पाहिलेलं घड्याळ बहुधा पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं ५५३१ हे मॉडेल असावं. २०१७ साली न्यूयॉर्कमधल्या प्रदर्शनाच्या निमित्तानं त्याच्या तबकड्या निघाल्या. एकीवर दिवसाचं मॅनहॅटन आहे, दुसरीवर रात्रीचं.

एनॅमल ही काच असते, आणि क्लॉइझोने म्हणजे ती तारांच्या खणांत भरून भाजायची पद्धत. वाळू, क्षार आणि धातूंची ऑक्साइडं वितळवून ती करतात. निळा रंग कोबाल्टचा, हिरवा-फिरोजी तांब्याचा, गुलाबी-लाल चक्क सोन्याचा. या काचेचे खडे अगेट म्हणजे अकीक दगडाच्या खलात पाण्याबरोबर कुटतात. मग पूड पुन्हा पुन्हा धुतात, पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत. धुण्यात कंटाळा केला की पारदर्शक रंग धुरकट उतरतो आणि पुढे कशानंही सुधारत नाही.

सोन्याच्या चकतीवर आधी एक पातळ थर भाजून घेतात. त्यावर सोन्याची चपटी तार चिमट्यानं वाकवून चित्राच्या रेषेप्रमाणे उभी करतात. तारेची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असते आणि ती तात्पुरती डिंकानं धरलेली असते. तारांमधल्या खणांत ओली पूड बारीक ब्रशनं किंवा पिसाच्या टोकानं भरतात, पाणी टिपून घेतात, पूर्ण सुकवतात आणि चकती साधारण ८०० ते ८५० अंशांच्या भट्टीत एक-दोन मिनिटं ठेवतात. पूड वितळली की खाली बसते, म्हणून खण पुन्हा भरायचा, पुन्हा भाजायचा. सगळे खण तारेच्या पातळीला आले की दगडानं घासून सपाट करायचे आणि चकाकी आणायची.

शहराच्या चित्रात एक खास अडचण आहे. सरळ तार आपल्या धारेवर उभी राहत नाही, आडवी होते. ढग, झाडं, नदीचं वळण यांत तार आपोआप वळलेली असते, म्हणून ती टिकते. उंच इमारतीची रेष मात्र सरळसोट असते. त्यामुळे कारागीर भिंत आणि छप्पर एकाच तारेत काटकोनात वाकवून घेतो. त्या कोपऱ्याच्या आधारावर इमारत उभी राहते. कोपरा जरा गोलावला तरी इमारत मऊ मेणाची वाटू लागते. अशा डायलवर पारख करायची तर आधी हे कोपरे पाहा.

आता ओळख. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, दिवा एका बाजूला ठेवा आणि घड्याळ हळूहळू तिरपं करा. खरी तार धातूची असल्यानं तिचे वेगवेगळे भाग आळीपाळीनं चमकतात. छापलेली सोनेरी रेष एकदमच उजळते आणि एकदमच विझते. खऱ्या कामात तारेच्या जाडीत फरक नसतो, पण दोन तारा जिथे टेकतात तिथे बारीकशी फट किंवा गाठ दिसते. रंगात एखादा टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा असला तर तो दोष मानू नका. छपाईत रंग ठरावीक अंतरावरच्या ठिपक्यांनी बनलेला दिसतो.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे 'कोल्ड एनॅमल'. यात तारा खऱ्या असू शकतात, पण खणांत काचेऐवजी रेझिन असतं. त्याला भट्टी लागत नाही, ते मऊ असतं, आणि तिरप्या उजेडात तारेजवळ किंचित खळगा पडलेला दिसतो. पावतीवर किंवा प्रमाणपत्रावर 'ग्रां फ्यू' म्हणजे भट्टीत भाजलेलं, असं लिहून मागा. नुसतं 'एनॅमल फिनिश' लिहिलं असेल तर ते रंगकाम समजा.

पुण्याहून एक वाचक : आमची दागिन्यांची पेढी आहे आणि मीनाकारीचं काम चालतं. घड्याळाची तबकडी आमच्या कारागिरांना जमेल का?

जमेल, आणि कुणीतरी ते मनावर घ्यायलाच हवं. मीनाकारीत धातू कोरून खड्ड्यात मिना, म्हणजे एनॅमलच, भरतात. स्विस कारागीर याच पद्धतीला शांलव्हे म्हणतात. व्हॅशेरॉन कॉन्स्टँटिन या स्विस कंपनीच्या 'व्हील ल्युमिएर' मालिकेत जिनिव्हा, पॅरिस आणि न्यूयॉर्क रात्री विमानातून दिसावीत तशी दाखवली आहेत. त्यांतही एनॅमल याच पद्धतीचं आहे. त्यावर जपानी कलाकार योको इमाई यांनी सोनं, प्लॅटिनम, हिरा आणि मोती यांची पूड कणाकणानं लावून रस्त्यांचे दिवे उजळवले आहेत.

मीनाकाराला अडेल ते सपाटपणाशी. पेंडंट किंचित वाकलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. तबकडी वाकली की काटा घासतो आणि घड्याळ बंद पडतं. थंड होताना धातू काचेपेक्षा जास्त आकसतो, म्हणून एकाच बाजूला मिना असेल तर ती बाजू फुगून वर येते. यावर उपाय म्हणजे मागच्या बाजूलाही जवळजवळ तितक्याच जाडीचा मिना भाजणं. हा थर कुणाला दिसत नाही, म्हणून नवशिका तो वगळतो आणि तिसऱ्या-चौथ्या भाजणीला तडा जातो.

पहिल्या प्रयत्नाला सोनं नको. तांब्याच्या ०.४ मिलिमीटर पत्र्याच्या ३४ मिलिमीटर व्यासाच्या दहा चकत्या कापा. मधलं भोक भाजण्याआधीच पाडा, नंतर काच फुटते. चकतीला अगदी हलका घुमट द्या. सपाट पत्रा भट्टीत जास्त वाकतो. तबकडी मशीनवर बसवण्यासाठी मागे दोन बारीक पाय लागतात. त्यांना उच्च तापमानाची डाक हवी, साध्या डाकेचे पाय भट्टीतच गळून पडतील. तेजाबाच्या पाण्यातून काढून धुतल्यावर चकतीला बोट लावू नका, तेलकट डागावर मिना धरत नाही. आधी मागची बाजू भाजा, मग पुढची. पूड पूर्ण सुकलेली हवी. ओल राहिली तर वाफ होऊन मिना उडतो. बाहेर काढल्यावर चकती जाळीवरच निवू द्या, आणि तेवढा वेळ खोलीतला पंखा बंद ठेवा. दहापैकी चार-पाच निभावल्या तर सुरुवात चांगली झाली.

सोन्यावर काम कराल तेव्हा मिश्रणात जस्त नको. जस्ताच्या सोन्यावर मिना बुडबुडतो आणि सुटतो. तांबं आणि चांदी मिसळलेलं सोनं चालतं. रंगांचा क्रमही तुमच्या कारागिरांना ठाऊक असेल तोच: ज्याला जास्त आच लागते तो आधी, लाल शेवटी.

दुबईहून एक वाचक : शहरांच्या नावांचं कडं आणि मध्ये एनॅमलचा नकाशा असलेलं वर्ल्ड टाइम घड्याळ घ्यायचा विचार आहे. घरी मुंबईला रोज फोन असतो. पण कड्यावर मुंबई, दिल्ली काहीच नाही. हे कसं?

एकाच वेळी अनेक शहरांची वेळ दाखवणारी ही यंत्रणा जिनिव्हाचे घड्याळजी लुई कॉतिए यांनी १९३१ साली तयार केली. बाहेर २४ शहरांचं कडं, आत २४ तासांचं फिरतं कडं. मधला गोल मोकळा राहतो, म्हणूनच तिथे नकाशा रंगवायची पद्धत पडली. २४ खणांत पूर्ण तासांच्या फरकाचे वेळेचे पट्टेच बसतात. भारताची वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणून ती अनेक कड्यांवर नाही. तिच्या अलीकडे कराची असतं आणि पलीकडे ढाका.

तुमच्यासाठी हिशोब सोपा आहे. दुबई बाराच्या जागी ठेवा. दुबईत सकाळचे ८ वाजले असतील तर कड्यावर कराचीसमोर ९ दिसेल. त्यात अर्धा तास मिळवा, मुंबईत साडेनऊ. खरी पंचाईत सुट्टीत घरी आल्यावर होते. सगळ्या शहरांना मिनिटकाटा एकच असतो, त्यामुळे काटे मुंबईच्या वेळेला लावलेत तर कड्यावरची प्रत्येक वेळ अर्ध्या तासानं चुकेल. भारतात असतानाही कराची बाराच्या जागी ठेवून काटे तिथल्या वेळेला लावायचे आणि आपण अर्धा तास पुढे मोजायचा, हा एक मार्ग. तो रोज मनगटावर पाहताना कंटाळवाणा होतो, हे आधीच सांगितलेलं बरं.

अर्ध्या तासाचे पट्टे दाखवणारी घड्याळं आहेत. व्हॅशेरॉन कॉन्स्टँटिननं २०११ साली आणलेल्या वर्ल्ड टाइममध्ये ३७ पट्टे आहेत आणि त्यांत दिल्लीही आहे. घर भारतात असेल तर आमची पसंती अशा घड्याळाला.

युरोप-अमेरिकेतली उन्हाळी वेळ साधं कडं ओळखत नाही. एप्रिल ते ऑक्टोबर लंडनची वेळ हवी असेल तर पॅरिसच्या खणात पाहा. शहर बदलायचं बटण असेल तर ते पूर्ण दाबा. अर्धवट दाबलं तर कडं दोन शहरांच्या मध्ये अडकू शकतं.

नागपूरहून एक वाचक : वडिलांच्या एनॅमल डायलच्या घड्याळाची सर्व्हिसिंग करून आणली. सहाच्या आकड्याजवळ केसासारखी रेघ दिसते आहे, आधी नव्हती. दुरुस्त होईल का?

रेघ सहाजवळ आहे म्हणजे मागचा पाय तिथे आहे का, हे आधी पाहायला लावा. डायल काढताना पायाचा स्क्रू पुरता सैल न करता खालून उचकटलं, की ताण पायाभोवतीच्या काचेवर येतो. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे घड्याळ पडणं. तिसरं अधिक सूक्ष्म: रेघ पूर्वीचीच असते, पण साफसफाईत तिच्यात मळ किंवा तेल शिरतं आणि ती दिसू लागते. जुना स्पष्ट फोटो असेल तर मोठा करून तपासा.

पुन्हा भट्टीत घालणं हा उपाय इथे जवळपास नाहीच. आकडे, नाव, पायाची डाक, सगळंच त्या आचेला जातं, आणि रेघेतला मळ काळा होऊन कायमचा आत बसतो. जाणकार कारागीर डायल काढून रेघ स्वच्छ करतो. तेवढ्यानं बहुतेक वेळा ती नजरेआड होते, आणि तिथेच थांबणं उत्तम. टवका उडाला असेल तरच रंगीत रेझिन भरतात. ते अतिनील (यूव्ही) दिव्याखाली सहसा वेगळं चमकतं, म्हणून पुढे घड्याळ विकताना ही दुरुस्ती लपत नाही; ती सांगूनच विकावी.

यापुढे घड्याळ देताना डायलचा सरळ उजेडात एक आणि तिरप्या उजेडात एक असे फोटो काढा, आणि पावतीवर लिहून घ्या: डायलला पाणी, अल्कोहोल, पॉलिश लावू नये, बदलल्यास जुनं डायल परत द्यावं.

नाशिकहून एक वाचक : पॅरिसच्या पुलावर भेटणाऱ्या जोडप्याचं घड्याळ कसं वाचतात?

ते व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स या फ्रेंच दागिने कंपनीचं 'पाँ देझामुरो'. २०१० साली याला जिनिव्हाच्या ग्रां प्री या घड्याळांच्या स्पर्धेत महिलांच्या घड्याळाचा पुरस्कार मिळाला. डावीकडून येणारी छत्रीवाली तरुणी तास दाखवते. उजवीकडून येणाऱ्या तरुणानं पाठीमागे लपवलेला गुलाब मिनिटं दाखवतो. दर तासाला तो झटक्यात मागे पहिल्या जागी जातो, ती बारा तासांनी. दुपारी बाराला आणि मध्यरात्री दोघं पुलाच्या मध्यावर मिनिटभर भेटतात. अशा उडी मारणाऱ्या यंत्रणेत वेळ लावताना चावी पुढच्या दिशेनंच फिरवा आणि अडलं तर जोर लावू नका.

रत्नागिरीहून एक वाचक : आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातली पुस्तकंही बुरसटतात. असं घड्याळ सांभाळता येईल का? आणि दहा लाखांच्या वरचं घेतलं तर कराचं काय?

तबकडी कशाची आहे त्यावर सांभाळणं ठरतं. भाजलेल्या एनॅमलला दमटपणाचं भय नाही, त्याचा रंग शंभर वर्षांनीही तोच राहतो. त्याचा शत्रू धक्का. रंगवलेल्या तबकडीचं तसं नाही. टायटनच्या 'नेब्युला जलसा'मध्ये पद्मश्री शाकिर अली यांनी संगमरवरावर जयपूरच्या हवामहलाचं लघुचित्र काढलं आहे. अशा कामाला, तसंच लाकडाच्या किंवा गवताच्या काड्यांच्या जडावाला, ओल आणि ऊन दोन्ही लागतं.

या घड्याळांवर बहुधा ३० मीटर लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ हात धुताना उडालेलं पाणी, एवढाच धरा. पावसात, पोहायला, अंघोळीला घड्याळ काढून ठेवा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून ठेवा, पुड्या महिन्यानं बदला. डांबरगोळ्या त्या डब्यात नकोत. चामड्याचा पट्टा वेगळा काढून वाऱ्यावर ठेवा, बुरशी आधी तिथे धरते. काचेच्या आतून वाफ दिसली तर चावी ओढू नका, उन्हातही ठेवू नका. त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या, कारण वाफेनं डायलआधी काटे आणि मशीन गंजतं.

कराबद्दल: २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांहून अधिक किमतीच्या मनगटी घड्याळावर विक्रेता १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, घेतो. पॅन द्या, ती रक्कम तुमच्या नावावर जमा दिसेल आणि विवरणपत्र भरताना आयकरातून वळती होईल. १८ टक्के जीएसटी मात्र परत मिळत नाही. स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क एफ्टा देशांबरोबरच्या (स्वित्झर्लंड ज्यात आहे त्या युरोपीय गटाबरोबरच्या) करारानुसार १ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्यानं उतरत आहे, त्यामुळे जुन्या दरपत्रकावर विसंबू नका. त्या दिवसाची किंमत लेखी घ्या.